व्याह्यांच्या सिगारी आणि एकोणसत्तरचा आकडा

"काढ ते पुडे. आधी बाहेर काढ. आरं, जित्या पानाला वाळवून राह्यला का तू?"

माझा जुना दोस्त आमच्या बैठकीत उभा राहून इतक्या मोठ्यानं ओरडत होता, की गल्लीतली दोन कुत्री उठून अंबडच्या रस्त्याला लागली ती आजतागायत परत आलेली नाहीत. त्याच्या हातात एक लाकडी पेटी होती. पेटीत दहा सिगारी. आणि सिगारींच्या फटीफटीतून मी मोठ्या मायेनं खोचलेले, ओल शोषून घेणारे पांढऱ्या खड्यांचे अकरा पुडे.

पेटी माझी नव्हती, हीच तर सगळी भानगड. ती आमच्या व्याह्यांची. व्याही रत्नागिरीकडचे, उभी हयात जहाजावरची इंजिनं सांभाळण्यात गेलेली. निवृत्त होताना कप्तानानं त्यांना ही पेटी दिली, आणि त्यांनी मनाशी ठरवलं की नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय एकही पेटवायची नाही. पण घरात विहीणबाई. तंबाखूचा वास सात भिंतींपलीकडून ओळखणारं नाक. म्हणून आमच्या मुलीच्या डोहाळजेवणाला व्याही आले ते आमसुलांच्या पिशवीत पेटी लपवूनच आले. मुलगी बाळंतपणासाठी इथंच राहणार होती, तशी पेटीही त्यांनी माझ्या हवाली केली. "दोन महिने सांभाळा," एवढंच म्हणाले. बोलणं त्यांचं असंच, तारेच्या दरानं.

मी म्हटलं, "काळजी सोडा. तीस वर्षं बियाणं सांभाळलंय."

यात कणभर खोटं नव्हतं. बियाणे कंपनीचं गोडाऊन तीस वर्षं माझ्या ताब्यात होतं, आणि बियाण्याच्या धंद्यात ओल म्हणजे घरात शिरलेला साप. कपाशीचं बी दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे, नाही वाजलं तर पोतं उन्हात. माझ्या दातांचा अंदाज इतका बरोबर होता, की प्रयोगशाळेतले साहेब आपलं मशीन माझ्या दाढेवरून जुळवून घ्यायचे. त्यामुळे किमती वस्तू घरात आली की ती वाळवायची, हे माझ्या रक्तात होतं. मी सिगारींना पुडे लावले, पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली आणि पंधरा दिवस निवांत झोपलो. एप्रिल महिना होता. जालन्याचा एप्रिल, म्हणजे ओला टॉवेल दोरीवर टाकून मागं वळावं तर तो पापडासारखा मोडतो.

सोळाव्या दिवशी पेटी मोठ्या कौतुकानं दाखवायला काढली ती या दोस्ताला. त्याचा राजूरकडं तुतीचा मळा आणि रेशीमकिड्यांची शेड. त्यानं एक सिगार उचलली, माझ्या कानाशी धरली आणि दोन बोटांत हळूच फिरवली. करकर वाजली. "ऐकलं? तंबाखूचं पान हाय ते. माझे किडे वाळका पाला तोंडात धरत न्हाईत, मंग व्याही धरतील का?"

मला सगळं दिसायला लागलं. नातवंड जन्मलंय, व्याही काडी ओढतात, आणि सिगार सुतळी बॉम्बच्या वातीसारखी सुर्रकन पेटून मिशांपर्यंत पोचते. त्यानंतर माझी मुलगी सासरी पन्नास वर्षं एकच वाक्य ऐकणार: तुझ्या वडलांनी माझ्या दहाच्या दहा वाळवून मारल्या.

फोनवर शोधलं. सिगारीला हवेत साधारण पासष्ट ते सत्तर टक्के ओल लागते. जालन्यात, एप्रिलमध्ये, सत्तर टक्के. उंटाला पोहायला शिकवणं सोपं. पण खरं सांगतो, मला त्या क्षणी जी तरतरी आली तशी निवृत्तीनंतर एकदाही आली नव्हती. तीस वर्षं ओल मारली, आता तीच जन्माला घालायची.

"आधी मोजायचं यंत्र आण," दोस्त म्हणाला. "आकड्याबिगर मी शेडमधी पाय ठेवत न्हाई." त्यानं आपलंच यंत्र आणून दिलं: एका पाटीवर दोन थर्मामीटर, एकाच्या बुडाला ओली वात, दोन्हींतला फरक बघायचा आणि तक्त्यावरून ओल काढायची. यंत्र झकास, पण हातभर लांब. त्यात सिगारीची पेटी मावली असती, पेटीत ते मावणं शक्य नव्हतं.

मग मी मस्तगडला गेलो. अंडी उबवायच्या पेट्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे तिथं. दुकानदारानं घड्याळासारखं गोल, काट्याचं मीटर दिलं. घरी आणलं, पंचावन्न. स्वयंपाकघरात पंचावन्न, न्हाणीघरात पंचावन्न, भर दुपारी गच्चीवर पंचावन्न. इतका ठाम काटा मी निवडणुकीतल्या उमेदवारातही पाहिला नाही.

दोस्तानं मिठाची परीक्षा शिकवली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, वर थेंब थेंब पाणी टाकून ते ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर एका घट्ट पिशवीत बंद करून दिवसभर ठेवायचं. आत पंचाहत्तर टक्के ओल होते, कुणाच्या बापाला चुकत नाही. मीटरनं पंचाहत्तर दाखवलं तर ते खरं. माझ्या मीटरनं संध्याकाळी दाखवलं पंचावन्न.

मी ते परत नेलं. दुकानदार म्हणाला, "काका, अंडी उबतात की त्याच्यावर."

"अंड्यांना आकडे वाचता येत नाहीत म्हणून उबतात," मी म्हटलं. हसत हसत त्यानं मीटर परत घेतलं.

शेवटी काडेपेटीएवढी दोन डिजिटल मीटरं ऑनलाइन मागवली. एकच घेतलं तर ते खोटं बोलतंय हे सांगणार कोण? दोघांना तीनदा मिठात बसवलं. एक म्हणालं चौऱ्याहत्तर, मग अठ्ठ्याहत्तर, मग एकोणसत्तर. दुसरं म्हणालं एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. बायको म्हणाली, "पहिलं घ्या. एकदा तरी जवळ गेलं बिचारं."

मी दुसरं निवडलं. घड्याळ रोज चार मिनिटं मागं असेल तर त्यावर संसार करता येतो, लहरी घड्याळावर नाही करता येत. त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहिलं, "चार मिळवा".

आता पेटी ठेवायला घट्ट झाकणाचा डबा हवा. तसा घरात एकच, कुरडयांचा.

"मंग कुरडया कुठं ठेवू?" बायको म्हणाली. "तुमच्या डोक्यात ठेवू का? जागा हाय तिथं."

तिनं डबा दिला, पण देताना असा आपटला की कुरडयांचा चुरा झाला आणि पुढे आठवडाभर मला तोच वाढला गेला. मी डब्यात पेटी ठेवली, पेटीचं झाकण उघडं. एका वाटीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्यात बुडवून पिळलेला स्पंज. नळाच्या पाण्यानं बुरशी धरते, असं वाचलं होतं. मीटर आत टाकलं, झाकण लावलं आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. तासाभरात आकडा चौऱ्याऐंशी. चार मिळवून अठ्ठ्याऐंशी. मी दोस्ताला फोन केला, बुडालो म्हणून.

"मीटर कुठं ठेवलं?"

"स्पंजाशेजारी."

"माठावर बसून विचारतो का रं, गाव ओलं हाय का कोरडं? सिगारीपाशी ठेव. आन स्पंज अर्धा कर. उपाशी माणसाला पंगतीत बसवत न्हाईत, आधी पेज देतात. एकदम फुगली तर वरचं पान फाटंल."

सिगारीपाशी ठेवल्यावर खरा आकडा कळला, चार मिळवून सत्तेचाळीस. तिथून पेज सुरू झाली. दर चार दिवसांनी स्पंजाला थोडं पाणी. सत्तेचाळीसचे बावन्न, बावन्नचे सत्तावन्न. मधेच झाकण उघडलं की दोन उतरायचे, म्हणून मी पारदर्शक झाकणातून बघायचो. दिवसातून चाळीस वेळा, जास्त नाही. बाहेर उन्हानं डांबर वितळून रस्त्यावर रिक्षा रुतून बसत होत्या, आणि माझ्या डब्यात कोकण तयार होत होतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "दिवस मला भरत आलेत. माझी तब्येत कुणी विचारत नाही. शेजारच्या काकूसुद्धा विचारतात, आज किती झाले?"

मेच्या मध्यावर एकोणसत्तर आले आणि तिथंच थांबले. मी सिगार कानाशी धरून फिरवली. आवाज नाही. मी गल्लीत पेढे वाटले असते, पण बायको म्हणाली, खऱ्या पेढ्यांसाठी थोडा दम धरा.

महिना संपता संपता नात झाली. दुसऱ्या दिवशी व्याही-विहीण आले. व्याह्यांनी नातीला बराच वेळ मांडीवर घेतलं, तिचं बोट आपल्या बोटात धरून बसले. मग विहीणबाई बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेल्यावर माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "आहे ना?"

डबा घेऊन आम्ही तिघं गच्चीवर गेलो, दोस्त, व्याही आणि मी. त्यांनी सिगार पेटवली. सुर्र झालं नाही, वरचं पान फाटलं नाही. राख पांढरी, बोटभर लांब, पडायचं नाव नाही. दोस्तानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी कठड्यापर्यंत गेलो.

मग मला धीर धरवेना. पुड्यांची गोष्ट तेवढी गाळून सगळं सांगितलं. मस्तगडचा काटा, मिठाची परीक्षा, बॅटरीचं पाणी, चार मिळवायचे ते. व्याही ऐकत होते आणि ओढत होते. सिगार निम्मी झाली तेव्हा मी विचारलं, "तुमच्या अनुभवानं आकडा किती ठेवावा? एकोणसत्तर बरोबर आहे, की एखादा टक्का खाली उतरवू?"

त्यांनी डब्यातली दुसरी सिगार उचलली, अंगठ्यानं हलकीच दाबली आणि जागेवर ठेवली.

"आकडा मी कधी बघितला नाही," ते म्हणाले. "दाबून बघतो."