इंग्रजी गिटार मिक्स

आम्हा दोघा मित्रांत जमिनीवरून, राजकारणावरून किंवा कुणाच्या लग्नातल्या मानापानावरून कधी वाद झाला नाही. वाद झाला तो एकाच गोष्टीवरून, आणि तो चाळीसेक वर्षं पुरला. जगातला सगळ्यात मोठा गिटारवाला कोण? मी जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानात बसणारा, आणि तो सळया काढणाऱ्या मिलमध्ये फोरमन. या दोघांना ही नसती उठाठेव सांगितली कुणी, असं आमच्या घरात अनेकांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. कुणीच सांगितली नव्हती.

तो अंबडकडच्या खेड्यातला. कॉलेजसाठी जालन्यात आला आणि मस्तगडला भाड्याच्या खोलीत राहू लागला. एका गॅदरिंगला कुणाचा तरी पुण्याचा पाहुणा इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला होता. त्यानं जे काही वाजवलं त्यानं आमच्या दोघांचं डोकं कायमचं फिरलं. तोवर आमची एकमेकांशी ओळखही नव्हती. बाहेर पडताना दोघंही सायकलचं कुलूप काढायचं विसरून सायकली ओढत होतो, तिथं ओळख झाली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात गेलो. कोरी कॅसेट दिली की दुकानदार पाहिजे ती गाणी त्यात उतरवून द्यायचा.

"इंग्रजी गिटार भरून द्या," मी म्हणालो.

"कोणाची?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "कोणाची पण चालंल," मित्र म्हणाला, "पण जोरात पायजे."

आठवड्यानं कॅसेट मिळाली. तिच्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'इंग्रजी गिटार मिक्स'. कोणाची, काय, कुठली, याचा पत्ता नाही. माझ्या घरी वडील बातम्यांपलीकडे काही वाजू देत नसत, म्हणून माझा टेपरेकॉर्डर मित्राच्या खोलीवर नांदायला गेला आणि वादाला तोंड फुटलं.

कॅसेटच्या पहिल्या बाजूला जो गिटारवाला होता तो माझा. काय हात होता! श्वास घ्यायला उसंत नाही. सूर मोजायला जावं तर आपणच दमून जावं. दुसऱ्या बाजूचा मित्राचा. तो संथ. एक सूर धरायचा, ताणायचा, आता तुटेल म्हणेपर्यंत ताणायचा, आणि मग अशा ठिकाणी आणून सोडायचा की अंगावर काटा यावा. म्हणजे मित्राच्या अंगावर. माझ्या अंगावर येत नसे, कारण तोवर मला जांभई आलेली असे.

दोन्ही बाजूंना गाणारे वेगळे होते. पहिल्या बाजूचा किंचाळणारा, दुसऱ्या बाजूचा खर्जातला. त्यात वर 'मिक्स' लिहिलेलं. तेव्हा वाजवणारेही वेगळेच, यात शंका घेण्यासारखं काही आम्हाला दिसलं नाही. नावं ठाऊक नव्हती, म्हणून आम्ही त्यांना 'माझावाला' आणि 'तुझावाला' म्हणू लागलो.

मित्राचे वडील गावच्या भजनात गायचे. भजनात एखाद्या शब्दावर गाणाऱ्यानं सुंदर वळण घेतलं की ऐकणारे मान हलवून म्हणतात, "काय जागा घेतली!" मित्रानं हा शब्द उचलून थेट विलायती गिटारला लावला.

"तुझावाला नुस्ता पळून राह्यला," तो म्हणायचा. "पळणाऱ्याला जागा दिसत न्हाई. माझावाला बघ, जागा आली की थांबतो."

"थांबतो कारण त्याला पुढचं येत नाही," मी म्हणायचो. कॉलेज संपलं, मी वडिलांच्या दुकानात बसू लागलो, तो मिलमध्ये लागला, तरी वाद तोच.

"तुला साडीचा धागा कळतो, सूर कळत न्हाई."

"अन् तुला? दिवसभर लोखंड ठोकून तुझ्या कानात काय राहिलंय?"

हे मी तेव्हा गमतीनं म्हणत असे. वादात माणूस उचलली जीभ लावली टाळ्याला करतोच.

पुढे लग्नं झाली, मुलं झाली. माझ्या वडिलांमागे दुकान माझ्याकडे आलं, आणि टेपरेकॉर्डर मस्तगडहून दुकानाच्या वरच्या खोलीत आला. रविवारी सकाळी मित्र यायचा. माझी बायको पोहे करायची, तो गावाकडून आलेली मोसंबी आणायचा, आणि आम्ही बसायचो. कॅसेट अर्धी वाजायची, उरलेला वेळ तोंडं. संगीत मोठं कशानं होतं, यावर आम्ही केलेली चर्चा कुणी लिहून ठेवली असती तर त्याला वेड लागलं असतं. मी म्हणायचो, जे दुसऱ्या कुणाला जमत नाही ते मोठं. तो म्हणायचा, जे मिलच्या गोंगाटातसुद्धा डोक्यात वाजत राहतं ते मोठं. मी म्हणायचो, मग मोठी गोष्ट तुझं डोकं, गिटारवाल्याचं त्यात काय? यावर तो चिडून उठायचा आणि पोहे संपवायला परत बसायचा.

एकदा धान्याच्या मोंढ्याजवळून कुणाची वरात चालली होती. पुढे बेंजो पार्टी, मागे नाचणारी पोरं. बेंजोवाल्यानं चालू गाण्यात मध्येच एक सूर लांबवला आणि हळूच खाली उतरवला. मित्रानं स्कूटर रस्त्यात उभी केली, वरातीत घुसला आणि त्या बेंजोवाल्याला म्हणाला, "काय जागा घेतली राजा! अजून एक बार घे." नवरदेव घोड्यावर ताटकळला. वऱ्हाडातले दोघंतिघं मित्राच्या अंगावर धावून आले. बेंजोवाल्यानं मात्र ती जागा पुन्हा घेतली, आणि पहिल्यापेक्षा बरी घेतली. मी स्कूटर धरून उभा होतो. असा मित्र आपल्याला मिळाला याचं मला त्या दिवशी फार सुख वाटलं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हणालो की हा पण तुझ्यावाल्यासारखा रेंगाळतो.

माझी बायको चहा घेऊन वर यायची तेव्हा जराशी थांबून ऐकायची. "मला तर दोन्ही बाजूंना एकच वाटतो," ती म्हणायची. आम्ही हसायचो. मित्र म्हणायचा, "वहिनी, तुम्ही चहात साखर तेवढी बराबर टाका, हे आमच्यावर सोडा."

तो मिलमधून निवृत्त झाला आणि गावी राहायला गेला. सुरुवातीला एसटीनं दर रविवारी येत होता. मग त्याचं काहीतरी बिनसलं. हसायच्या ठिकाणी गप्प बसे आणि गप्प बसायच्या ठिकाणी "हां, हां" करी. बायकोनं विचारलं, "भाऊजी, पोह्यांवर शेव घालू का?" तर म्हणाला, "परवाच आली." बायको हसली. तोही हसला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. पुढचे रविवार तो आला नाही. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी बागेला पाणी. शेवटी मी त्याच्या बायकोला फोन केला.

"गुडघ्याला काय बी झालं न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "कानाला ऐकू येत न्हाई त्यांच्या. मिलनं कान खाल्ले. म्हणत्यात, लोक बोलत्यात अन् मी येड्यावानी हसत बसतो, त्यापेक्षा न गेलेलं बरं. पोरगा मशीन घेऊन देतो म्हणला, तर त्याच्यावर ओरडले. कानात बटन घालून फिरू का म्हणले. कुणाकडं जाईनात, कुणाशी बोलेनात. नुस्ते बागेत जाऊन बसत्यात."

फोन ठेवल्यावर मला त्याचा भयंकर राग आला. म्हातारपण काय याला एकट्यालाच आलं होतं? राग गेल्यावर भीती वाटली. हा माणूस असाच झाडाखाली गप्प होऊन बसला, तर मी भांडू कुणाशी?

त्याच सुमारास मुलगी पुण्याहून चार दिवस आली होती. मी वरच्या खोलीत एकटाच कॅसेट लावून बसलेला बघून तिनं विचारलं, "बाबा, हा वाजवणारा कोण?" मी म्हणालो, माझावाला. ती हसली आणि तिनं फोन टेपरेकॉर्डरजवळ धरला. फोननं गाणं ओळखलं आणि वाजवणाऱ्याचं नाव सांगितलं. मी कॅसेट उलटी केली. फोननं पुन्हा नाव सांगितलं. तेच. तिसरं गाणं, चौथं गाणं, तेच. मुलीनं वाचून दाखवलं की पहिल्या बाजूची गाणी त्याच्या तरुणपणातली, एका बँडमधली, आणि दुसऱ्या बाजूची पुष्कळ वर्षांनंतरची, दुसऱ्या बँडमधली.

मग मला आठवलं. तो कॅसेटवाला एकाच कीर्तनकाराचं एकच कीर्तन भरलं तरी वर 'मिक्स' लिहायचा. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही, हे तिचे उपकार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आम्ही चाळीस वर्षं घातला होता.

आता हे त्याला सांगायचं की नाही? आमच्यात उरलेला धागा म्हणजे हा वाद. तो तोडला तर त्याला जालन्याला यायला कारणच उरणार नाही. दोन रात्री झोप लागली नाही. मग वाटलं, निदान भांडायला तरी जाऊ. टेपरेकॉर्डर आणि कॅसेट पिशवीत घातली आणि अंबडची एसटी पकडली.

तो अंगणात खाटेवर बसला होता. मला बघून उठला, हात धरला, हसला. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "दोघं एकच आहेत!"

"कोण मेलं?"

"अरे कुणी मेलं नाही! तुझावाला अन् माझावाला! एकच माणूस आहे!"

शेजारच्या अंगणातल्या बाया कामं टाकून बघू लागल्या. तिसऱ्यांदा ओरडल्यावर त्याला कळलं.

"कोण म्हणलं?"

"फोन."

"फोनला काय कळतंय बे? फोनला जागा कळती का? लाव. मी ऐकून सांगतो."

मी दुसरी बाजू लावली, आवाज पूर्ण मोठा केला. तो वाकला आणि त्यानं कान स्पीकरला टेकवला. डोळे मिटले. त्याची जागा यायच्या वेळी तो एक बोट वर करायचा, कायमची सवय. बोट वर झालं. पण जागा येऊन गेली होती. सूर कधीच खाली उतरला होता आणि ह्याचं बोट अजून हवेत होतं. तो आठवणीतून ऐकत होता.

त्यानं डोळे उघडले आणि माझं तोंड बघितलं. हातानंच टेप बंद केला.

"न्हाई येत ऐकू," तो म्हणाला. "ढोल येतो थोडा. गिटार बिलकुल न्हाई."

त्याच्या बायकोनं आत जाऊन डोळे पुसले. तो म्हणाला, "पण एकच माणूस न्हाई. हे मी मरेस्तोवर मानणार न्हाई." मी त्याच्या कानात ओरडलो, "मग ऐकून सिद्ध कर!" आणि शेवटच्या एसटीनं परत आलो.

त्यानंतर काही रविवार तसेच गेले. मी फोन केला नाही. केला असता तरी त्यानं ऐकलं काय असतं? बायको पोहे करायची आणि आम्ही दोघंच खायचो.

मग एका रविवारी जिन्यावर पावलं वाजली. तो होता. दोन्ही कानांमागे मशीन आणि कपाळावर आठ्या. आल्याआल्या भांडायलाच सुरुवात केली. एसटीत माणसं केवढ्यानं बोलतात, चपला केवढ्या वाजतात, मशीनवाल्यानं दोनदा परत बोलावलं तेव्हा कुठे ते पत्र्यासारखं वाजायचं थांबलं. "कॅसेट लाव," म्हणाला.

मी पहिली बाजू लावली. मग दुसरी. या वेळी बोट बरोबर जागेवर वर गेलं. माझ्या बायकोनं ते बघितलं आणि ती चहाचे कप न ठेवताच उभी राहिली.

"एकच हाय," शेवटी तो म्हणाला. "सूर दाबायची तऱ्हा तीच हाय. तुझ्या बाजूला तो तरणा हाय, माझ्या बाजूला शहाणा झालाय. मंग जिंकलं कोण ते सांग."

मला एवढंच पाहिजे होतं. मी सरसावून बसलो आणि सुरू झालो. म्हटलं, तरुणपणी जो इतका पळाला तोच पुढे थांबू शकला. ज्याच्या पायात कधी ताकदच नव्हती त्याच्या थांबण्याला कुणी जागा म्हणत नाही, त्याला दमणं म्हणतात. तेव्हा पाया माझा आणि कळस फक्त तुझा. मी खूप बोललो, आणि बोलता बोलता ध्यानात आलं की मी ओरडत नाहीये. साध्या आवाजात बोलतोय. आणि तो मध्ये तोंड घालत नाहीये. चाळीस वर्षांत त्यानं मला इतका वेळ सलग बोलू दिलं नव्हतं. तो एकटक माझ्याकडे बघत होता.

"काय झालं बे?" मी विचारलं. "पटलं का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. "तुझा आवाज केवढा म्हातारा झाला रे," तो म्हणाला. "कधी झाला? मला कळलंच न्हाई."

मी उगाच कॅसेट काढून उलटी लावू लागलो.

"थांबू नको," तो खुर्ची जवळ ओढत म्हणाला. "बोल. ऐकून राह्यलो मी."