मुर्रीहून न दिसणारी अरुंधती

नागपूर सोडताना माझ्या पिशवीत संत्राबर्फीचा पुडा होता, दोन सदरे होते आणि कागदाच्या नळकांड्यात जपून ठेवलेला एक बल्ब होता. सीताबर्डीवर माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेलो की मी बल्ब नेतो. पाहुणा हलवाई असला की लोक पेढ्यांची अपेक्षा करतात, तसंच हे.

या खेपेला मात्र मी पाहुणा म्हणून निघालो नव्हतो. आठवड्यापूर्वी मावशीच्या गावचा, मुर्रीचा, एक माणूस तार घ्यायला दुकानात आला आणि तिचा निरोप सांगून गेला. मावसाजींनी यंदा सालदार (वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी) ठेवला नाही. बैलजोडी लेकीकडे सौंदडला पाठवून दिली. बियाण्याचं धानसुद्धा वाटून टाकायचं म्हणतात. मी कारण विचारलं, तर तो तारेचं वेटोळं खांद्यावर अडकवत म्हणाला, "त्याइले अरुंधती दिसत नाई म्हनतेत."

सप्तर्षींच्या शेपटाकडच्या वसिष्ठाला खेटून जी बारीक चांदणी असते, ती अरुंधती. लग्नात नवरा-नवरीला ती दाखवतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला ती दिसेनाशी होते त्याचे सहा महिनेच उरले, हे जुनी माणसं जाणतात आणि मानतात. मावसाजी दोन्ही पाळणारे. लग्नात दाखवलेली चांदणी ते दर वर्षी, लग्नाची तिथी आली की, मावशीला अंगणात बोलावून पुन्हा दाखवत. आम्ही भाचे त्यांची त्यावरून खूप थट्टा करायचो.

गाडी वैनगंगा ओलांडून तिरोड्याच्या पुढं गेली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) उन्हानं भेगाळून पडल्या होत्या. मोहाचा वास डब्यात येत होता. गोंदियाला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. टांगेवाल्यानं मी नागपूरचा आहे हे ओळखलं आणि आपल्या गावाची बढाई सुरू केली. इतक्या राईस मिली झाल्या, इतके खांब आले. शेवटी म्हणाला, "बाबूजी, अब तो गोंदिया में रात होती ही नहीं." मला बरं वाटलं. धंदाच तो माझा.

मुर्री म्हणजे गोंदियाच्या अगदी काठावरचं गाव. मावशीच्या घरावरून विजेची तार गेलेली, पण घरात कंदील. मावसाजींनी वीज घेतली नव्हती. मागच्या वेळी मी दिलेला बल्ब त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला होता आणि मावशी दर शनिवारी तो फडक्यानं पुसत असे. मी दुसरा पुढं केला, तोही त्यांनी तिथंच नेऊन ठेवला. जोडी झाली म्हणाले.

अंगणात बाजेवर बसलो आणि माझं लक्ष ईशान्येकडे गेलं. पूर्वी तिकडे शेतं आणि आंब्याचं एक झाड होतं. आता त्या जागी मिल उभी होती, उंच खांबांवर चार मोठे दिवे होते आणि कोंड्याचा धूर त्या उजेडात पिवळा होऊन तरंगत होता. सप्तर्षी नेमके त्याच्यावर उगवले होते. मोठ्या चांदण्या कशाबशा दिसत होत्या. वसिष्ठापाशी मी डोळे ताणताणून पाहिलं, पण अरुंधतीचा पत्ता नव्हता.

मी मावसाजींना म्हटलं की दोष तुमच्या आयुष्याचा नाही, त्या दिव्यांचा आहे. मलाही दिसत नाही. त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

"तुले बी नाई दिसत? मंग तू बी जपून राय, बापू."

मला हसू आलं आणि रागही आला. जेवताना भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि कांद्याची चटणी होती. मी वाद घालत होतो आणि ते शांतपणे जेवत होते. दिवा एका जागी असतो, चांदणी आभाळात, दिवा तिला कसा विझवणार, असं त्यांचं म्हणणं. मावशी वाढता वाढता एवढंच म्हणाली की तिला तर रोज दिसते. मावसाजींनी त्यावर मान डोलावली. तिला दिसते आणि आपल्याला नाही, याहून मोठा पुरावा त्यांना कोणता हवा होता?

मग मला सौंदड सुचलं. तिथं मिल नाही, खांब नाहीत, त्यांची लेक कमल तिथं दिलेली. मी म्हटलं, तिथं जाऊन पाहू; तिथंही दिसली नाही तर मी गप्प बसतो. लेकीला एकदा भेटून घ्यावं असं त्यांच्या मनात होतंच, त्यामुळं तयार झाले. तसं भेटून घेणं कशासाठी, हे आम्हाला तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी छोट्या लाईनची (नॅरोगेज) गाडी धरली. ही गाडी माणसाच्या सवडीनं चालते. गोरेगावच्या अलीकडे ती उगाच थांबली, तेव्हा खाली उतरून लोकांनी टेंभरं (तेंदूची फळं) विकत घेतली आणि गार्डनंही घेतली. पुढं जंगल लागलं. मावसाजी खिडकीशी बसून एकेका गावाचं नाव सांगत होते, कुठल्या तलावाचं पाणी कुठवर पोचतं ते सांगत होते. मावशी त्यांच्याकडे पाहत होती, बाहेर नाही.

सौंदडला कमलनं तलावातल्या मासोळ्यांचं कालवण केलं होतं. गोठ्यात बैलांनी मावसाजींना ओळखलं, पण ते त्यांच्याजवळ गेले नाहीत, लांबूनच पाहून आले. दिवस मावळला. कमलनं चूल विझवली, आम्ही कंदील घरात ठेवला आणि गावाबाहेर तलावाच्या पाळीवर गेलो.

ते आभाळ मी विसरलो होतो. इतक्या चांदण्या की सप्तर्षी शोधावे लागले. माझ्या दुकानातला सगळा माल लावला तरी असा उजेड पडणार नाही, आणि त्या मालानंच हे पुसलं गेलं, हे तिथं उभं राहून मला फार लागलं. वसिष्ठ सापडला. त्याच्या अंगाला अंग लावून अरुंधती होती, लहानशी, पण स्वच्छ.

मावसाजी बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग त्यांनी मावशीचं मनगट धरलं आणि तिचा हात वर केला.

"ते पाय. हाये. हाये ना वो?"

"हाये," मावशी म्हणाली.

सत्तरीचा माणूस पाळीवरून खाली उतरताना पोरासारखा भरभर उतरला आणि थेट गोठ्यात गेला. त्या रात्री त्यांनी कमलकडे दोनदा भात मागितला. सकाळी बैल सोडून म्हणाले, मी यांना रस्त्यानं हाकत आणतो, तुम्ही दोघं गाडीनं पुढं व्हा. पऱ्हे (धानाच्या रोपांचे वाफे) कुठं घालायचे तेही ठरवून टाकलं होतं.

परतीच्या गाडीत मावशी आणि मी समोरासमोर बसलो. मी विजयाच्या तोऱ्यात होतो. मी दिव्यांचं शास्त्र पुन्हा समजावून सांगू लागलो, तेव्हा तिनं मला मधेच थांबवलं.

"मले नाई दिसली, बापू. दोन सालापासून नाई दिसत."

मी तिच्या डोळ्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय आली होती. मोतीबिंदू आहे, म्हटलं, माझ्याबरोबर अशीच नागपूरला चल, डॉक्टरला दाखवू. ती ऐकेना. धानाची रोवणी होऊ दे, मग पाहू म्हणाली. घरात रांधणारं, मजुरांच्या भाकरी बडवणारं दुसरं कोण होतं?

"त्याइले सांगू नोको. सांगतलास तं बैल पुन्ना सोडून देतीन."

मी शब्द दिला. तिला त्या गोष्टीची भीती वाटते का, हे विचारावंसं वाटलं, पण तेवढ्यात ती पदराच्या टोकानं माझ्यासाठी टेंभरं पुसू लागली आणि माझं विचारणं राहून गेलं.

पाऊस चांगला झाला. रोवणी झाली, मग निंदण निघालं, आणि मावशीचं नागपूरला येणं पुढं पुढं जात राहिलं. आश्विनात हिवतापाची साथ आली आणि त्यात ती गेली. मुर्रीत त्या तापानं तिच्याबरोबर आणखीही माणसं नेली, ज्यांनी आभाळाकडे कधी पाहिलंही नसेल. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

तेराव्याला गेलो तेव्हा बांध्यांमध्ये धान पिवळं पडायला लागलं होतं, इतकं दाट की बांध दिसत नव्हते. पाहुणे पांगल्यावर मावसाजी आणि मी अंगणात बसलो. त्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी वर नसतात, तरी त्यांचं तोंड मिलकडेच होतं.

"सौंदडले तिले दिसली होती ना?"

नाही म्हणावं, तर तिनं दोन वर्षं त्यांना फसवलं असं होणार, आणि हा माणूस, आपण कसं ओळखलं नाही म्हणून, जन्मभर जळणार. मी म्हटलं, "हो, मावसाजी. दिसली होती."

ते म्हणाले, "मंग चांदनीच लबाड."

ते उठून घरात गेले आणि कोनाड्यातले दोन्ही बल्ब घेऊन आले. शनिवार चुकल्यामुळे त्यांच्यावर धूळ बसली होती. एक आत आणि एक इथं अंगणात लावून दे म्हणाले. मी समजूत घालून पाहिली. आयुष्यभर बल्ब विकणारा मी एका म्हाताऱ्याला वीज घेऊ नका म्हणून विनवत होतो. त्यांनी ऐकलं नाही.

वीज यायला महिनाभर लागला. मी पुन्हा गेलो आणि स्वतःच्या हातानं तार ओढली, होल्डर बसवला. संध्याकाळी बटण दाबलं. मावसाजी बाजेवर बसून त्या बल्बकडे पाहत राहिले. अंगण लख्ख दिसत होतं, तुळस दिसत होती, मावशीची पाटा ठेवायची जागा दिसत होती. सवयीनं मी मान वर केली. बल्बच्या उजेडापलीकडे एकही चांदणी दिसत नव्हती.