शिडीचा गुडघा

आमच्या बसच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे शिडी म्हणतात. उंची सहा फूट सात. एकोणिसाव्या वर्षी तो टायर विभागात लागला. मी तिथला स्टोअरकीपर, शिवाय वर्कशॉपच्या बास्केटबॉल संघाचा कोच. स्टूल न घेता त्याने सगळ्यात वरच्या फळीवरची ट्यूब काढली, तेव्हा मी त्याच दुपारी त्याच्या हातात चेंडू दिला. हा कुठल्या फळीवर ठेवू, असं त्याने विचारलं.

स्वभावाने अगदी गरीब गाय. गल्लीत कुणाचा बल्ब गेला की याला हाक, आणि हा भरल्या ताटावरून उठून जाणार. पुढे माझ्या मुलीने त्यालाच पसंत केलं आणि माझी पंचाईत झाली. मैदानावर 'अरे गाढवा, हात वर कर' आणि घरी 'जावईबापू, अजून थोडी भाजी घ्या'. एकदा भर सामन्यात तोंडून 'अहो, जरा उडी मारता का?' निघून गेलं. पोरं आठवडाभर हसत होती.

नऊ वर्षं आमचा डावपेच एकच. चेंडू वर फेकायचा, बस्स. बघायचंसुद्धा नाही, शिडीचे हात तिथे असायचेच. सवय मीच लावली. आयतं मिळत असताना हातपाय कोण हलवतो?

यंदा साखळीतला शेवटचा सामना जिंकला की बाद फेरी, तीही पहिल्यांदाच. त्याच्या दहा दिवस आधी शिडीचा उजवा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी बजावलं, तीन आठवडे उडी नाही, नाहीतर लिगामेंट जाईल. मुलगी स्टोअरमध्ये येऊन म्हणाली, "बाबा, टायर उचलून घर चालतं आमचं. त्यांना उतरवू नका." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून नाही उतरवणार म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. पण शहाणपणा कुठला गप्प बसतोय? जावयाला सांगितलं, खेळाचे कपडे घालून नुसते बाकावर बसा, समोरच्यांना तेवढाच धाक.

सामना सुरू झाला आणि माझ्या नऊ वर्षांच्या शिकवणीचं पितळ उघडं पडलं. आमच्या पोरांनी पहिल्या अर्ध्यातच पाच वेळा चेंडू शिडीच्या हातांच्या जागी फेकला. हात बाकावर, चेंडू भिंतीवर. समोरचे खुदखुदत होते. मग आमच्यांना लाज वाटली असावी, जीव तोडून पळाले बिचारे. दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही फक्त तीन गुणांनी मागे होतो.

मी दमलो होतो. सव्वीस वर्षं हा संघ ओढतोय, दरवर्षी साखळीतच गळतोय, आणि चार महिन्यांनी मी निवृत्त. मला ती बाद फेरी हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती.

तेवढ्यात शिडी उठला. त्याने अंगातलं जाकीट काढलं, नीट घडी घालून बाकावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. पंचांच्या टेबलाकडे वळून खेळाडू बदलण्याची खूण केली.

त्याने दोन बास्केट केले. आम्ही एका गुणाने पुढे. शेवटच्या क्षणी समोरच्यांचा नेम चुकला, रिंगवरून परतलेला चेंडू शिडीने उडी मारून दोन्ही हातांनी धरला आणि तो खाली आला. गुडघ्याचा आवाज मला बाकापाशी ऐकू आला. शिट्टी झाली. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तिथून दिसलं, तो जमिनीवर बसून पाय धरून होता.

लिगामेंट तुटलं. रविवारी बाद फेरी आहे, आणि त्याच्याशिवाय आमचं काय होणार हे समोरच्या संघाच्या पाणीवाल्यालाही ठाऊक आहे. हॉस्पिटलात मुलगी माझ्याशी बोलली नाही. खाटेवर मावत नव्हते म्हणून जावयाचे पाय पुढे स्टुलावर ठेवले होते. मी शेजारी बसलो. रडू आवरेना. त्यातही दोष त्यालाच दिला. म्हणालो, "कशाला उठलात हो?"

त्याने उशाजवळचा पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला.

"सगळे माझ्याकडेच बघत होते, बाबा. मला बसवेना. तुम्ही 'खाली बसा' म्हणाल, त्या भरवशावर उठलो होतो."