अम्मांनी कापलेली बाही

समस्त वाचकांना, आणि त्यातही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या माझ्या शेजारणींना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, एका श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात प्रस्तुत लेखिकेने प्रत्यक्ष महादेवाशी भांडण केले. भांडण एकतर्फी होते. महादेव एक शब्द बोलले नाहीत आणि तरी जिंकले. मी गोष्टी रंगवून सांगते असा माझा लौकिक आहे आणि तो खराही आहे. पण यात मी काहीही वाढवलेलं नाही. वाढवायला देवाने जागाच ठेवली नव्हती.

माझी गौरी नव्वदीच्या दशकात उल्हासनगरच्या एका खासगी प्रसूतिगृहात जन्मली. बाळ मोठं होतं, खांद्याशी अडलं. मोठे डॉक्टर वेळेवर पोहोचले नाहीत आणि जे हजर होते त्यांनी घाईत डोकं धरून ओढलं. मानेजवळच्या शिरा दुखावल्या, डावा हात लुळा पडला. हे सगळं आम्हाला पुढे मुंबईच्या सरकारी रुग्णालयात समजलं. त्या दिवशी सिस्टर एवढंच म्हणाली, "कुशीखाली दबला असेल, होईल ठीक." हात ठीक झाला नाही. खांद्यापासून नुसता लोंबायचा, तळवा मागे वळलेला. शस्त्रक्रिया करावी लागणार होती, त्यानंतर वर्षानुवर्षं व्यायाम. ह्यांच्या कारखान्यातल्या ओळखीने एक वकीलबाई मिळाल्या आणि आम्ही ठाण्याच्या ग्राहक मंचाकडे भरपाई मागितली.

प्रसूतिगृहाचं उत्तर आलं ते असं: मूल घरी जाताना ठणठणीत होतं, हात दुखावला तो आजीने केलेल्या अशास्त्रीय मालिशीमुळे. ही आजी म्हणजे माझी आई. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी चामटोलीला होते. त्या गावातली निम्मी पोरं माझ्या आईच्या पायांवर न्हालेली. कुणाचं बाळ रडायचं थांबत नसलं की आईला बोलावणं यायचं. आणि आता ठाण्याच्या कागदावर छापून आलं की नातीचा हात हिने मोडला. गावात कुजबुज सुरू झाली. न्हाऊ घालायला बोलावणं बंद झालं. त्याहून वाईट म्हणजे आईने गौरीला उचलायचं सोडलं. पोर एका हातावर सरकत तिच्याकडे गेली की ती हात पदरात घ्यायची आणि म्हणायची, "घे गो तिला. माज्याच हातान झाला आसंल."

मला खरं माहीत होतं. आमच्यात नव्या बाळाला पहिलं कापड कोरं घालत नाहीत, दुसऱ्या धडधाकट बाळाच्या अंगावरचं घालतात. आईने असा झबला घरी धुऊन ठेवला होता, पण निघायच्या धांदलीत तो चामटोलीलाच राहिला. तो आणायला ती गेली आणि इकडे बाळ उघडं म्हणून मी शेजारच्या खाटेवर मागितला. तिथे एका सिंधी बाईला नातू झाला होता. ती सुनेजवळ बसून कारखान्याच्या पँटींना बटणं लावत असायची. तिने नातवाचा झबला काढून दिला आणि स्वतःच गौरीला घालू लागली. डावा हात बाहीत जाईना. तो वाकेना, आखडेना, ओल्या फडक्यासारखा घसरून बाहेर यायचा. शेवटी तिने पिशवीतली कात्री काढली आणि खांद्यापासून बाही कापून टाकली. म्हणजे हात आधीच गेलेला होता! हे मी आईला शंभरदा सांगितलं. पण एक रंगवून सांगणारी मुलगी, आईचं मन राखायला काय वाटेल ते रचेल, असं आईने ठरवूनच टाकलं होतं. माझ्या आयुष्यभराच्या कलेचं हे बक्षीस.

वकीलबाई म्हणाल्या, "त्या बाईला आणा. तुमचं आणि आईचं म्हणणं घरचं म्हणून बाजूला ठेवतील." आणा म्हणे! मी तिला "अम्मा" म्हणायचे, ती मला "बेटी" म्हणायची, एवढ्यात आमचं भागलं होतं. नाव विचारलंच नव्हतं. प्रसूतिगृह तर नाव द्यायला तयारच नव्हतं. मी उल्हासनगरचे कँप, म्हणजे फाळणीनंतरच्या सिंधी वस्त्या, पालथे घातले. बटणं लावणाऱ्या सिंधी अम्मा त्या गावात घरटी एक. दारात उभी राहून हाक मारली की तीन माड्यांवरून तीन अम्मा वाकून बघायच्या आणि तिघीही माझ्या नव्हत्या. एकीने मात्र मला बसवून पापड खायला घातला आणि स्वतःच्या सुनेची अख्खी तक्रार ऐकवली.

मग प्रसूतिगृहाकडून निरोप आला: थोडे पैसे घ्या, केस मागे घ्या. आई म्हणाली, "घे नि मिटव. मना त्या लोकांसमोर उभी नको करू." मी गप्प झाले. मी गप्प झाले म्हणजे प्रकरण किती बिघडलं होतं ते माझ्या शेजारणी ओळखतील.

त्या सोमवारी गौरीला कडेवर घेऊन मी अंबरनाथला गेले. तिथे देव वर नाही, खाली आहे. ओल्या पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. मी खाली गेले, पिंडीवर बेल वाहायला हात पुढे केला आणि माझा तोल गेला. पायांचा नव्हे, जिभेचा. गर्दीत मी मोठ्याने म्हणाले, "पोरीचा हात गेला, आता आईचे दोन्ही घेतलेस. माझ्याकडचं सगळं करून झालं. पैसे घेऊ की लढू, तूच सांग, मला झेपत नाही." गुरुजींनी वर बघितलं, मागच्या बाईने मला ढोसलं आणि मी बेल ठेवून वळले.

पायऱ्या चढणारी मी, उतरणारी एक भरदार म्हातारी. तिने सगळी वाट अडवली होती. मी रागातच होते. "अम्मा, बाजूला व्हा की जरा!" म्हटलं. ती हलली नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती गौरीच्या लोंबणाऱ्या हाताकडे, मागे वळलेल्या त्या तळव्याकडे बघत होती. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि देवळाच्या दगडांत घुमेल अशा आवाजात म्हणाली, "अरी, तू तो वो झबलेवाली! मेरे पोते का झबला किधर है?"

मी पायरीवरच बसले. पुढचे मागचे ओरडत होते. मला कुणी उठवू शकलं नाही. अम्मा त्या देवळात पहिल्यांदाच आली होती, सुनेने हट्ट केला म्हणून. याचा अर्थ काय लावायचा तो ज्याने त्याने लावावा. मला त्या वेळी अर्थ नको होता, अम्मांचं नाव आणि पत्ता हवा होता. दोन्ही घेतले.

ठाण्याला अम्मा आली ती ठेवणीतली ओढणी घेऊन. समोरच्या वकिलांनी विचारलं, इतक्या दिवसांपूर्वीचं तुम्हाला इतकं नेमकं कसं आठवतं? अम्मा म्हणाली, "साईं, तुम्हारी नई कमीज़ की बाँह कोई काटे, तो तुम भूलोगे? कैंची मेरी, झबला मेरा, पोते ने एक ही बार पहना था! बच्ची एक दिन की थी। हाथ ऐसे लटकता था। मैंने सिस्टर को दिखाया, वो बोली ठीक हो जाएगा।" मंचावरचे साहेबसुद्धा हसले. वकील मग फार विचारायच्या फंदात पडले नाहीत.

पुढे भरपाई मिळाली, शस्त्रक्रिया झाली. आज गौरीचा हात खांद्यापर्यंत वर येतो, आणि तेवढ्या हातानिशी ती जे काही करते ते दोन धड हातांच्या पोरींनी करून दाखवावं. मला तिचा अभिमान आहे, अम्मांचा आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा माझाही आहे. पण कुणी विचारलं की तू कशी जिंकलीस, तर मी त्या पायऱ्यांपाशी येऊन थांबते. जोवर माझ्या पायांवर माझा भरवसा होता तोवर मी कँप तुडवत होते. झेपत नाही असं मोठ्याने म्हटलं, आणि वाट अडवून उभी राहिलेली बाईच वाट निघाली. तेव्हापासून कुणी वाटेत आडवं आलं की मी आधी त्याचं तोंड नीट बघून घेते. देवाचे आभार मी रोज मानते, आणि आता खालच्या आवाजात मानते.

निकालाच्या दिवशी चामटोलीची माणसं टेंपो करून ठाण्याला आली होती. आत जागा नव्हती म्हणून व्हरांड्यात उभी होती. आई माझ्याजवळ, हात पदरात. साहेबांनी निकाल वाचायला घेतला. बरंचसं इंग्रजीत होतं, मग आमच्याकडे बघून त्यांनी मराठीत सांगितलं: इजा जन्माच्या वेळीच झाली, आजीच्या मालिशीचा तिच्याशी काहीही संबंध नाही. ते पुढे भरपाईकडे वळणार, एवढ्यात जन्मात कधी साहेबासमोर तोंड न उघडलेली माझी आई उभी राहिली. तिने माझ्या कडेवरून गौरीला ओढून आपल्या कडेवर घेतलं, घट्ट, दोन्ही हातांनी, आणि ओरडली:

"सायेब, तेवढा परत वाचा, जरा मोठ्यान! भायेर आमचे गावची मानसा उभी हायेत!"