रोबोच्या गळ्यातला हार

पवनीच्या एका राइस मिलमध्ये तांदळाची पोती उचलून थप्पी लावणारा रोबो आला, तेव्हा सेवकराम हमालानंच त्याला सगळ्यात आधी आपलं मानलं. माणूस जवळ आला की रोबो आपणहून थांबे. त्याच्या बुडाशी तसा डोळाच बसवलेला होता. दसऱ्याला सेवकरामनं त्याला हळदकुंकू लावून झेंडूचा लांबलचक हार घातला.

दुसऱ्या दिवशी तो लोंबता हार डोळ्यासमोर हलायचा आणि रोबो सारखा अडायचा. पण पूजेचा हार सुकायच्या आत काढायचा कसा? सेवकरामनं डोळाच भिंतीकडे फिरवला.

दुपारी मिलमध्ये झाडलोट करणारी ललिताबाई सांडलेले तांदूळ झाडायला वाकली आणि रोबोनं तिच्या उजव्या हातावर पोतं दाबलं. सेवकरामनं धावत जाऊन बटण बंद केलं, तिला सोडवलं आणि लोक जमायच्या आत डोळा पुन्हा जागेवर आणला.

"मशीनच बिघडली," सगळे म्हणाले. रोबोला बिचाऱ्याला कुठं बोलता येतं! सेवकरामनंही मान डोलावली.

भाऊबीजेला ललिताबाई त्याच्या घरी आली. उजवा हात अजून गळ्यात बांधलेला होता.

"तू नसता तं मी मेली असती रे भाऊ," ती म्हणाली.

पाटावर बसलेल्या सेवकरामला मान वर करवेना.

"डाव्या हातानं ओवाळलं तं चालते ना?" तिनं विचारलं.