तेच इंजिन

"वहिनी चांगल्या आहेत रे, पण इंजिन जरा कमी पॉवरचं वाटतं."

परवाच्या रविवारी बाल्कनीत सचिनभाऊजी माझ्या नवऱ्याला, अमेयला, सांगत होते. खिडकी उघडी, आणि त्या वहिनी, म्हणजे मी, आत ताटं मांडत होते. अमेय नुसता हसला.

लग्न होऊन जर्मनीत एर्लांगेनला आल्यापासून दर रविवारी या दोन इंजिनिअर मित्रांच्या गप्पा ऐकतेय. विषय एकच, महायुद्धातली विमानं. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से साठतच जातात, खर्च होत नाहीत.

* * *

एकदा भाऊजींनी कुकर पुढ्यात घेऊन समजावलं. "सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबून भरली की पॉवर वाढते. पण साधं पेट्रोल तेवढा दाब सोसत नाही, अवेळीच भडकतं, इंजिन ठोके द्यायला लागतं. ब्रिटिशांना चांगलं पेट्रोल मिळालं आणि विमानं जोरात पळायला लागली. इंजिन तेच हं!"

त्यांच्या पत्नी, मुग्धावहिनी, म्हणाल्या, "आल्झो, तर मग, युद्ध जिंकून झालं असेल तर कुकर द्या. वरण व्हायचंय."

* * *

म्युझियममध्ये एका जर्मन इंजिनासमोर दोघांचा वाद रंगला. तिथले म्हातारे गाइड शांतपणे म्हणाले, "मोटर आमचीही उत्तम होती. बेंझिन, म्हणजे पेट्रोल, त्यांचं बरं होतं."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" दोघं एकदम.

मग इंजिनासोबत फोटो झाले. सगळे मीच काढले. आईला पाठवले, तर तिचा मेसेज आला, "जावई छान दिसताहेत. तू कुठेस?"

माहेरी जेवताना हीच आई म्हणायची, "अगं, आधी तो घास गिळ, मग सांग."

* * *

पेट्रोल पंपावर भाऊजी म्हणाले, "तुझ्या गाडीत महागातलं भरून बघ."

"काय उपयोग?" अमेय म्हणाला. "इंजिनावर तेवढा दाब तर यायला हवा. नुसतं चांगलं पेट्रोल ओतून काय होतंय?"

"बायकोला नुसतं जर्मनीत आणून काय होतं, तसंच," मागच्या सीटवरून मुग्धावहिनी.

सगळे हसले. मीही.

* * *

तर परवा, ताटं मांडून झाल्यावर सगळे जेवायला बसले. पहिल्या घासालाच भाऊजी पुन्हा त्या पेट्रोलवर आले. मी आमटी वाढत होते. वाटी भरली, तरी पळी हातातच राहिली. अमेयने वर पाहिलं.

"भाऊजी, इंजिन तेच होतं ना, फक्त पेट्रोल बदललं?" मी म्हणाले. "मग मला एकदा काहीतरी विचारून बघा."