चौथ्या मजल्यावरची तपासणी

राजाजीनगरातल्या आणि राजाजीनगराबाहेरच्या सर्व सुज्ञ नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर बटण दाबणे हा शुद्ध रानटीपणा आहे. सभ्य माणूस आधी भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचतो. हा निकाल माझा नाही. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या खंडोजीअण्णांचा आहे आणि त्यावर अपील करायची सोय आता उरलेली नाही.

अण्णा सरकारी तपासनीस होते. लिफ्ट, पाण्याचे पंप, तळघरातले पंखे, म्हणजे इमारतीत जे जे फिरतं आणि माणसाच्या जिवावर उठू शकतं, ते सगळं त्यांच्या ताब्यात. बारीक अंगकाठी, पांढऱ्या मिश्या आणि निवृत्तीनंतरही शर्टाच्या खिशात टॉर्च. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे, कन्नड मुलखात, आले. त्यामुळे त्यांचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं. वाक्य मराठीत सुरू होई आणि वाटेत कुठेतरी कन्नडच्या गल्लीत वळे. पहिल्या भेटीत मी पुणेरी आगाऊपणाने विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

"इथलेच की. तुमी?"

"पुण्याचा."

"सरी," म्हणजे बरं. "मग परत कधी?"

मला तेव्हा इथे येऊन अठरा वर्षं झाली होती.

इंदिरानगरात माझ्या भाचीचं लग्न होतं, अण्णांनाही बोलावणं होतं. हॉल सहाव्या मजल्यावर. शालू, पैठण्या, रुखवताची ताटं आणि नवऱ्या मुलाचे धिप्पाड मामा असे सगळे लिफ्टमध्ये कोंबून उभे होतो. अण्णांनी खिशातून चष्मा काढला. भिंतीवरचा कागद शांतपणे वाचला. "मुदत गेल्या महिन्यात संपली," म्हणाले आणि बाहेर पडले.

"अण्णा, सहाच तर मजले आहेत," मी म्हटलं.

"पडताना पण सहाच असतात. स्वल्प लवकर येतात, एवढंच."

यानंतर कोण थांबणार? अख्खं वऱ्हाड जिन्याने निघालं. मामा वर पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत मठ्ठ्यापर्यंत आली होती. पुढची दोन वर्षं माझी बहीण अण्णांचं नाव निघालं की विषय बदलत असे.

अण्णांचा एक लाडका सिद्धांत होता: "यंत्राला ओळख नसते." नोकरीत असताना कुणी मंत्र्याचा मेहुणा, कुणी साहेबांचा साडू म्हणून आला की ते हेच वाक्य ऐकवत आणि टॉर्च घेऊन लिफ्टच्या खड्ड्यात उतरत. वाक्य ऐकायला झकास होतं. ते आमच्याच इमारतीत येऊन उभं राहील, असं वाटलं नव्हतं.

झालं असं की अण्णांच्या बायकोचं, आमच्या अक्कांचं, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण आमच्या चार मजल्यांच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. अक्का वर अडकल्या. खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यायचं ठरवलं, तर म्हणाल्या, "मी काय पालखीतली देवी हाय? पाडलंत तर विसर्जनच."

एक नाही, दोन नाही, चौदा महिने त्या चौथ्या मजल्यावर होत्या. नवरात्रात अंबाभवानीच्या देवळात जाऊन ओटी भरायची, हा त्यांच्या माहेरचा नेम. एका वर्षी तो चुकला. दुसऱ्या वर्षी चुकू नये म्हणून आम्ही वर्गणी काढली आणि लिफ्ट बसवली. असोसिएशनचा सेक्रेटरी मी. अक्का मला रोज खिडकीतून विचारत, "सेक्रेटरी, तुमचा पाळणा कधी हलणार?"

घटस्थापनेच्या चार दिवस आधी तपासणी ठरली. तपासायला आली कविता. अण्णांच्याच हाताखाली शिकलेली, त्यांना 'सर' म्हणणारी. आम्ही निर्धास्त होतो. केळीच्या पानावर केसरीबात, म्हणजे इकडचा केशरी शिरा, मांडून ठेवला होता. कविताने दोर पाहिले, ब्रेक पाहिला, प्रत्येक मजल्यावर दार हाताने ओढून पाहिलं. सगळं चोख. ती सही करायला पेन काढत होती, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब." घरात गेले आणि अक्कांचा वॉकर घेऊन बाहेर आले.

लिफ्ट तळमजल्यावर होती. चौथ्या मजल्याच्या बंद दारासमोर अण्णा वॉकर धरून उभे राहिले, कमरेत वाकून, डावा पाय ओढत, अगदी अक्कांसारखे. दोन पावलं चालले. मग दमलेल्या अक्का जसा समोर येईल त्या कपाटावर, भिंतीवर भार टाकतात, तसा वॉकर पुढे करून त्यांनी दारावर अंग टाकलं. दाराचा खालचा भाग खोबणीतून सुटला आणि आत गेला. वॉकरचे पुढचे दोन्ही पाय चार मजल्यांच्या पोकळीवर लटकले.

कविताने अण्णांचा शर्ट मागून घट्ट धरला. दारापाशी आम्ही तिघंच होतो. तिने पेन खिशात ठेवलं.

तळमजल्यासकट पाचही दारं बदलायला सहा आठवडे लागले. नवरात्र आलं आणि गेलं. अक्कांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. मला मात्र ऐकवलं, "माझाच वॉकर घेऊन गेला आणि माझीच लिफ्ट बंद पाडली. एवढा कसला कायदा?" मी वर गेलो की दोघं एकाच सोफ्यावर असत आणि टपाल माझ्यामार्फत चाले.

"सेक्रेटरी, त्यांना सांगा, कॉफी निवतेय."

"सरी म्हणून सांगा."

एकदा जिन्यात गाठून मी अण्णांना म्हटलं, "दार कसं सुटलं ते अक्कांना सांगून का टाकत नाही? एका मिनिटात राग जाईल."

अण्णा पायरीवर बसले. "राग जाईल. भीती येईल. जिन्याला भिते ती अगोदरच. उद्या लिफ्टला पण भ्यायली, तर मी तिला खाली कसा आणू? रागावू दे. रागावलेलं माणूस खाली उतरतं." मग कविताला आणि मला त्यांनी शपथ घातली.

अण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारची कॉफी पिऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत. शपथ मी अजून पाळतो आहे. अक्का मराठी बोलतात पण वाचतात फक्त कन्नड, म्हणून इथे लिहायचं धाडस केलं.

ते दोघं खाली आले तो दिवस मात्र सांगायलाच हवा. दिवाळी होऊन गेली होती. कविताने पुन्हा येऊन सही केली. त्याआधी अण्णांनी पाचही दारांवर अंग टाकून पाहिलं, प्रत्येकावर तीन-तीनदा. सकाळी दहाला आम्ही सगळे खाली जमलो. दाराशी देवळात न्यायला रिक्षा उभी. भवानी थोडी उशिरानेही ऐकून घेते, असं त्यांनीच ठरवलं होतं. लिफ्टचं दार उघडलं. अक्का हिरवं लुगडं नेसून वॉकर टेकत बाहेर आल्या, मागे ओटीचं ताट सावरत अण्णा. अंगणात ऊन पडलं होतं. अक्का चार पावलं चालून त्यात उभ्या राहिल्या, डोळे किलकिले केले, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच वळून नवऱ्याकडे नीट पाहिलं. चौदा महिने ट्यूबलाइटच्या उजेडातच पाहत आल्या होत्या त्यांना. आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अहो, उन्हात किती म्हातारे दिसता हो तुम्ही."